ताईची मांसाहारी झाडं

३ फेब्रुवारी, मंगळवार
डायलिसिस विभाग, दुपारची पाळी लावून झाल्यावर

ताई,

नमस्कार लिहितोय. घ्यायचा की परत पाठवायचा ते तुझं तू ठरव. सहा वर्षांनी पत्र आणि तेही झाडांबद्दल, म्हणून हसशील. हस.

काल संध्याकाळी तुझी लेक माझ्या दारात उभी. हातात पुठ्ठ्याचं खोकं आणि चेहरा असा की मला वाटलं आत मांजराचं मेलेलं पिल्लू असणार. खोक्यातून तीन कुंड्या निघाल्या. म्हणाली, "मामा, चिलटांसाठी आणली होती मी ही, आईच्या शिवणाच्या खोलीत ठेवायला. मी काम करते त्या रोपांच्या दुकानात उरलेली शेवटची तीन. आईने त्यांना खत घातलं. वर हाडांचा चुराही घातला. म्हणते, मांसाहारी आहेत ना, मग?" मी इतका हसलो की शेजारीण डोकावून गेली. बऱ्याच दिवसांनी हसलो, ते बरगड्यांनाही जाणवलं.

तुझा तर्क चुकीचा नव्हता, पण ही झाडं मुलखावेगळी आहेत. मूळची दलदलीतली. तिथल्या मातीत काही कस नसतो, म्हणून तर बिचारी किडे धरून पोट भरतात. मुळांना जेवायची सवयच नाही. खत घातलं की मुळं जळतात. अति तिथे माती म्हणतात, इथे मातीच अति झाली.

तर काल मी स्वयंपाकघरातल्या मोरीत तिघींना आंघोळ घातली. दुकानातल्या त्या एवढ्याशा डबीतून काढून, तुझं खत धुऊन, नव्या प्लास्टिकच्या कुंड्यांत लावलं. मातीची कुंडी वापरू नकोस, तिच्यातून क्षार उतरतात. आत बागेची माती नाही, नुसतं पीट, म्हणजे दलदलीतल्या शेवाळाचा तपकिरी भुसा, आणि परलाइट, म्हणजे ते थर्माकोलसारखे पांढरे दाणे. दोन्ही तुझ्या लेकीनेच दुकानातून आणून दिलं. पीट आधी भिजवावं लागतं आणि ते भिजता भिजत नाही, पाण्यावर तरंगत राहतं, तुझ्यासारखं हट्टी. जबडे मिटणारी जी आहे, जिला आपण जबडेवाली म्हणू, तिची मुळं काळीच असतात. ती कुजलीत समजून तू कापली नाहीस हे नशीब. खाली पातीच्या कांद्यासारखा पांढरा गड्डा असतो, तो टणक होता, म्हणजे जीव आहे. काळी पानं मी कापून टाकली.

जबडेवाली आणि दवबिंदू (जिच्या पानांवर चिकट थेंब असतात ती) या दोघींना ताटलीत इंचभर पाण्यात उभं करायचं आणि खिडकीत ऊन द्यायचं. पहिला आठवडा सावलीत. दवबिंदूचे थेंब जागा बदलल्यावर नाहीसे होतात, पंधरा दिवसांत परत येतात, घाबरू नकोस. तिसरी घटपर्णी, सुरया लटकतात ती. तिला पाण्यात उभं करायचं नाही, वरून घालायचं आणि निथळू द्यायचं. तिला कडक ऊनही नको. सासुरवाशिणीपेक्षा अटी जास्त आहेत, मला मान्य आहे.

सगळ्यात महत्त्वाचं पाणी. नळाचं अजिबात नको. आमच्याकडे डायलिसिसच्या यंत्रांसाठी पाणी शुद्ध करायची खोली आहे, रोज सकाळी तपासणीआधी थोडं पाणी सोडून द्यावंच लागतं. त्यातलाच पाच लिटरचा कॅन दर शनिवारी लेकीबरोबर पाठवीन. कुणा पेशंटच्या वाटचं नाही, तेव्हा ते कारण पुढे करू नकोस.

आणखी एक. तुझी लेक आपणहून बोलली नाही, मी खोदून विचारलं. डॉक्टरांनी हातात फिस्टुला करून घ्यायला सांगितलंय आणि तू "बघू" म्हणालीस. ताई, मनगटापाशी एक शीर आणि एक धमनी जोडायची, तासाभराचं काम. पण ती शीर फुगून सुई घेण्याजोगी व्हायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून डायलिसिस लागायच्या आधी करायचं असतं. तुझे रिपोर्ट मी पाहिले. किडन्या अजून तीन महिने ओढतील, फार तर चार. तोवर हात तयार नसेल तर मानेत नळी घालतात, आणि तिथून सगळंच अवघड होत जातं. आईचं दुखणं तुझ्या वाट्याला आलं, माझ्या नाही. माझी साखर एवढी नसती तर माझी एक किडनी काढून दिली असती, हे तुला पटणार नाही, पण डॉक्टरांना विचारून झालंय माझं.

कॅन जड आहे. तू उचलू नकोस.

भाऊ


१४ फेब्रुवारी, शनिवार
तिथेच, यंत्रांच्या आवाजात

ताई,

तू पत्र उभ्यानेच वाचलंस आणि शिलाई मशीनच्या खणात टाकलंस, असं कळलं. खणात म्हणजे केरात नाही. माझं तेवढ्याने भागतं.

तू जबडेवालीला शिवणाच्या सुईने डिवचतेस, हेही कळलं. पडदे घ्यायला आलेल्या प्रत्येक बाईला खेळ करून दाखवतेस म्हणे. ताई, एक जबडा आयुष्यात मोजून काही वेळाच मिटतो. आत काही सापडलं नाही तर तो उघडतो, पण त्यात त्याची ताकद खर्ची पडते, आणि असं चार-सहा वेळा झालं की पान काळं पडतं. तिला दमवू नकोस. आणि तिला मटणाचा तुकडा दिलास तो चिमट्याने हळूच काढ, नाहीतर आतच कुजेल. कोणी विचारलं तर सांग, उपास आहे तिचा.

घटपर्णीच्या सुरया दुकानातून येताना आडव्या झाल्या होत्या, आतलं पाणी सांडलंय. प्रत्येकीत दोन-दोन चमचे कॅनमधलं पाणी घाल. त्याहून जास्त नको.

हाताबद्दल तू लेकीला म्हणालीस, "डावा हात गेला तर कापड सरकवू कशाने?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं की हात जात नाही. त्या हाताने जड उचलायचं नाही, त्यावर घट्ट काही बांधायचं नाही, त्या हाताचं ब्लडप्रेशर मोजू द्यायचं नाही. कापड सरकवायला हरकत नाही. आमच्याकडे एक न्हावी येतो, आठ वर्षं झाली, अजून गिऱ्हाईकांच्या दाढ्या करतो. त्याने कुणाचा गळा कापल्याचं ऐकलं नाही.

पण तुझं खरं कारण ते नाहीच. तेही मला सांगितलं तिने. तू म्हणालीस, "आईने तीन वर्षं भोगलं आणि शेवटी स्वतः थांबवलं. तिला कळून चुकलं होतं. मग मला कशाला त्या खुर्चीत बसवता?"

यावर मी काय लिहू? आईचं वेगळं होतं. तिचं वय होतं, हृदय थकलं होतं. तिने नको म्हटलं तेव्हा मी तासभर समजावलं होतं, हे तुला तेव्हाही सांगितलं. तुला फोन करू नको असंही तीच म्हणाली. दोन दिवस तुला आईपाशी बसता आलं असतं आणि मी ते दिले नाहीत, म्हणून तू माझं तोंड पाहत नाहीस, आणि त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण तिचा निर्णय तिचा होता. तो तू उसना घेऊ नकोस.

जाऊ दे. विषय झाडांचा आहे. आज सकाळी चार खुर्च्यांवर सुया लावल्या, एक आजोबा "आज नको" म्हणून हटून बसले होते, त्यांना गोड बोलून बसवलं. हेच माझं काम. सुया टोचणं कुणीही शिकतं. खरं काम माणसाला खुर्चीत बसवायचं. आम्ही रोज नवे बहाणे ऐकतो आणि रोज जुनेच विनोद करतो. आता चहा घेतो. पाठ भरून आलीय.

भाऊ


१ मार्च, रविवार
घरी

ताई,

आज चिडून लिहितोय, आधीच सांगतो.

काल तुझी लेक तिन्ही कुंड्या परत घेऊन आली. जबडेवालीचे सगळे जबडे काळे. दवबिंदूवर एक थेंब नाही, पानं वाळक्या दोऱ्यासारखी. घटपर्णीच्या सुरया काठापासून तपकिरी होत आल्यात. आणि पीटवर पांढरा थर आलाय, बोटाने खरवडून पाहिला. तो क्षारांचा थर आहे. क्षार आभाळातून पडत नाहीत. ताई, तू माझ्या नकळत परत खत घालतेस. कबूल कर किंवा नको करू, कुंडी खोटं बोलत नाही.

मला काय वाटतं सांगू? लहानपणापासून तुझं हेच आहे. कुणी काही सांगितलं की मान हलवायची आणि मग आपलंच खरं करायचं. डॉक्टर सांगतात, तू "बघू" म्हणतेस. मी सांगतो, तू खणात टाकतेस. महिना गेला ताई. फिस्टुलाचा महिना गेला. हा महिना मी तुला कुठून भरून देऊ? रोज अठरा परक्या माणसांना हातापाया पडून खुर्चीत बसवतो आणि माझ्या बहिणीपुढे माझं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तुला मरायचंच असेल तर तसं स्पष्ट सांग, मी दर शनिवारी कॅन भरायचा थांबवतो.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. खोडत नाही, कारण खोडलेलं तू उजेडात धरून वाचशीलच.

झाडं मी पुन्हा पाठवतोय. त्यांना जगवायचं की नाही ते बघ.

भाऊ


९ मार्च, सोमवार
डायलिसिस विभाग, पाण्याच्या खोलीत, स्टुलावर

ताई,

तुझा कागद मिळाला. पडद्याची मापं घ्यायच्या वहीतला, कडेला निळ्या खडूचं बोट उमटलेला. वर ना "प्रिय" ना माझं नाव, खाली ना सही. तरी सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं म्हणून मी तो तीनदा वाचला. चारच ओळी:

"पाणी फक्त तू दिलेल्या कॅनचं. रोज सकाळी नऊला, पट्टीने मोजून एक इंच. खत पहिल्या पत्रानंतर नाही, आधीही एकदाच. सुई लावली नाही. मटण काढलं. घटपर्णीला दोन चमचे, मोजून."

हे वाचल्यावर मी तुझ्यावरचा संशय सोडून कॅनकडे वळलो. कारण तू चिडकी आहेस, हट्टी आहेस, पण तू मापात कधी खोटं बोलत नाहीस. दोनदा मोजून एकदा कापणारी बाई आहेस तू.

कॅनच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं, ते लेकीकडून मागवून घेतलं. आज सकाळी आमच्या क्षार मोजायच्या मीटरची कांडी त्यात बुडवली. शुद्ध पाण्याला मीटरवर पाच-सहा दिसायला हवं. अकराशे ऐंशी दिसलं. नळाच्या पाण्याच्या तिप्पट.

आता हे तुला समजावतो, कारण ही चूक जगात फक्त माझ्यासारखा माणूसच करू शकतो. आमच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्राला दोन नळ्या असतात. एकीतून शुद्ध पाणी निघतं. दुसरीतून सगळे गाळलेले क्षार घेऊन टाकाऊ पाणी निघतं. ते आम्ही फेकत नाही, त्याने फरशी पुसतात. दोन्ही नळ्यांखाली एकसारखे पांढरे कॅन आहेत. निळं झाकण शुद्ध, लाल झाकण टाकाऊ. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मीच दोन्ही कॅन घासले आणि मीच झाकणं उलटी लावली. सहाय्यक बाई लाल झाकण बघून फरशीला न्यायच्या, मी निळं बघून तुझा कॅन भरायचो. म्हणजे महिनाभर आमच्या विभागाची फरशी औषधाच्या दर्जाच्या पाण्याने पुसली जात होती आणि तुझ्या झाडांना मी मीठ पाजत होतो. पेशंटच्या यंत्रांना पाणी थेट नळाने जातं, रोज तपासून जातं, तिथे काही झालेलं नाही. ते मी सगळ्यात आधी पाहिलं. मग स्टुलावर बसलो, तो अजून बसलोय.

ताई, मी या विभागात बावीस वर्षं पाणी तपासतोय. नव्या मुलांना मी शिकवतो की झाकणावर विसंबू नका, मीटर लावा. चार शनिवार मी मीटर लावला नाही. आणि वर तुलाच चार पानं सुनावली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. चूक माझी होती. तू सगळं अगदी बरोबर करत होतीस.

झाडांना आता वरून स्वच्छ पाणी ओतून धुवायचं, तीन-चार वेळा, खालून वाहून जाईपर्यंत. सोबतचा कॅन मी स्वतः मोजलाय, सहा भरलं. कॅनवर चिकटपट्टी लावून आकडा आणि तारीख लिहिलीय. यापुढे आकडा नसलेला कॅन घेऊ नकोस, माझा असला तरी.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. पण ज्याला चूक कबूल करायची त्याने मोठी सोडून छोटी करू नये.

आई कंटाळली नव्हती. तिने डायलिसिस थांबवलं नव्हतं. मी तुला खोटं सांगितलं.

तिचे वार मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्या शनिवारी ती म्हणाली, "आज नको, सोमवारी जाऊ." एवढंच. निर्णय नाही, काही नाही. असं आमच्याकडे रोज कुणीतरी म्हणतं आणि रोज मी त्यांना गोड बोलून, दटावून, हसवून आणतो. शनिवार तर कधीच चुकवायचा नसतो, कारण रविवारी विभाग बंद असतो आणि दिवस लांबत जातात. हे या इमारतीत माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक नाही. आणि मी "बरं" म्हणालो. तासभर समजावलं नाही. पाच मिनिटंही समजावलं नाही. रविवारी तिने अर्धं केळं खाल्लं. किडनी चालत नसलेल्या माणसाला केळं चालत नाही, त्यातल्या पोटॅशियमने हृदय थांबतं. मी पाहिलं आणि ओरडलो नाही. सोमवारी सकाळी सहा वाजता ती उठली नाही.

तू आलीस, विचारलंस, "असं कसं झालं?" आणि माझ्या तोंडून निघालं, तिनेच नको म्हटलं. मग ते वाढत गेलं. समजावलं म्हणालो, तुला कळवू नको म्हणाली असं म्हणालो. तुला कळवायचं तिच्या मनातही आलं नव्हतं, कारण तिला मरायचंच नव्हतं. पुढच्या महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख तिने स्वतः फोन करून घेतली होती. कपाटाच्या आत चिठ्ठी लावली होती, ती मी काढून फाडली, तू बघशील म्हणून.

तू माझ्यावर रागावलीस ते आईपाशी बसता न आलेल्या त्या दोन दिवसांसाठी. मला ते सोयीचं वाटलं. सहा वर्षं मी तुझा तो लहान राग घेऊन बसलो, म्हणजे मोठा यायला नको. आणि आता तू माझ्या खोट्यावर विसंबून हात पुढे करत नाहीस. आईने नाकारलं म्हणून तू नाकारतेस. आईने काहीही नाकारलं नव्हतं, ताई. तीन वर्षं ती त्या खुर्चीत बसली, शेजारच्यांची भांडणं सोडवली, नर्सबाईंची लग्नं जमवायला निघाली. तिला जगायचं होतं.

हे वाचून माझं तोंड कधीच पाहू नकोस. ते मी धरून चाललोय. माझ्या विभागात येऊ नकोस, शहरात आणखी तीन आहेत, कुठेही जा. पण आईचं नाव पुढे करून ऑपरेशन टाळू नकोस. तेवढा हक्क मी तुझ्याकडून काढून घेतोय.

तुझा


२४ मार्च, मंगळवार
घरी, दुपार

ताई,

पंधरा दिवस तुझ्याकडून काही आलं नाही. तुझी लेकही आली नाही. दोन शनिवार कॅन भरून दाराशी ठेवला आणि परत ओतला.

आज ती आली. बसली नाही, उभ्यानेच बोलली. म्हणाली, "गेल्या गुरुवारी आईचं ऑपरेशन झालं. डाव्या हाताला. इथे नाही, आमच्या घराजवळच्या हॉस्पिटलात." मी बाहीने डोळे टिपले. ती म्हणाली, "मामा, रडू नको, अजून निरोप संपला नाहीये." मग तुझा निरोप तिने पाठ केल्यासारखा म्हटला: "त्याला म्हणावं, अजून काहीतरी गाळलंय त्याने. लहानपणापासून हा अर्धंच कबूल करतो. उरलेलं लिही म्हणावं. मग मला काय करायचं ते मी ठरवीन."

मी तिला विचारलं, "तुझी आई रागावलीय का?" ती म्हणाली, "मला माहीत नाही. तुझं पत्र वाचून ती दिवसभर मशीनवर बसून होती. एक टाका घातला नाही."

आधी हाताचं. कारण हे लिहायचं राहिलं तर मला झोप लागणार नाही. रोज सकाळी उठल्यावर उजव्या हाताची बोटं टाक्यांच्या वर हलकेच ठेव. आत थरथर लागली पाहिजे, मांजर घुरघुरतं तशी. ती लागली की झालं. एखाद्या दिवशी लागली नाही तर चहासुद्धा न घेता हॉस्पिटल गाठ, तास दोन तासही थांबू नकोस. त्या कुशीवर झोपू नकोस. घड्याळ, बांगडी उजव्या हातात घाल. टाके सुकले की मऊ चेंडू दाबायचा व्यायाम कर, पण किती आणि कधी ते तिथल्या माणसाला विचारूनच. तिथला तंत्रज्ञ चांगला आहे, माझ्या हाताखाली शिकलेला. त्याला तू माझी बहीण आहेस हे सांगायची गरज नाही. कापडाचे तागे लेकीला उचलायला लाव.

झाडांचं लेकीनेच सांगितलं. दवबिंदू गेली. घटपर्णीच्या सुरया गेल्या पण वेल हिरवी आहे. जबडेवालीच्या गड्ड्यातून एक कोंब निघालाय, नखाएवढा. त्याला काही भरवू नकोस. महिना-दोन महिने त्याला काहीच नको, पाणी आणि ऊन पुरे.

आता उरलेलं.

तू बरोबर ओळखलंस. मी लिहिलं होतं की आई म्हणाली, "आज नको, सोमवारी जाऊ." ते खरं आहे. त्याच्या आधीचं लिहिलं नाही. वाचणाऱ्याला वाटावं की ती थकली होती, कंटाळली होती, म्हाताऱ्या माणसासारखी टाळत होती. तसंच वाटावं असं मला हवं होतं.

त्या आठवड्यात माझा जोडीदार रजेवर होता. मी शुक्रवारी दुपारपासून सलग पाळ्या करून शनिवारी बाराला घरी आलो, तिला दोनच्या पाळीला न्यायला. आई तयार होती, ताई. केस विंचरलेले, पायात चपला, मांडीवर पिशवी, पिशवीत तिची शाल आणि वाचायचं मासिक. दाराजवळच्या खुर्चीत बसून माझी वाट बघत होती. मी म्हणालो, "दोन मिनिटं, तोंड धुतो आणि निघू." आणि बूट काढायला म्हणून पलंगावर बसलो. एक बूट काढला. दुसऱ्याच्या नाडीला हात लावला आणि तसाच थांबलो. किती वेळ, मला माहीत नाही.

डोळे उघडले तर ती समोर उभी. म्हणाली, "अरे, काय अवस्था करून घेतलीस. डोळे बघ तुझे. असा गाडी चालवणार आहेस होय?" मी म्हणालो, "आई, चल. शनिवार चुकवायचा नसतो." एकदाच म्हणालो. आवाजही नीट निघाला नसेल. ती म्हणाली, "एका दिवसाने काही होत नाही. आज नको, सोमवारी जाऊ, मला कुठेतरी मध्ये घुसव. तुझंच तर मशीन आहे, कुठे पळून जातंय. तू पड जरा." मी "बरं" म्हणालो. ती खाली वाकली आणि माझा दुसरा बूट तिने काढला. मग स्वतःच्या चपला काढून भिंतीशी ठेवल्या, खिडकीचा पडदा ओढला, पिशवीतली शाल काढून माझ्या अंगावर घातली.

ती थकली नव्हती. मी थकलो होतो.

मी संध्याकाळी सातला उठलो. तोवर विभाग बंद झाला होता. ती खुर्चीतच बसून होती, दिवा न लावता, मला जाग येऊ नये म्हणून. म्हणाली, "उठलास? आता बरं वाटतंय ना?"

मी हो म्हणालो. खरंच बरं वाटत होतं, ताई.